धुरांड्यातली बाळंतीण

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकाला हसू यायला हवं." एक गंमत आहे माझ्याकडे, ती आधी सांगून टाकते. मग जे सांगायचंय ते सांगायला मोकळी.

काम काय ते प्रथम. मी दापोलीला राहते, वय एकतीस. घराच्या धुरांड्यात, स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पाइपात, गीझरच्या नळीत, कौलांखालच्या फटीत जे प्राणी-पक्षी शिरतात त्यांना बाहेर पडायला वाट द्यायची आणि पुन्हा शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी बसवायची, हे माझं काम. सर्पमित्रांचे फोटो छापून येतात. माझ्या कामाला धड नावसुद्धा नाही. लोक 'जाळीवाली' म्हणतात. हर्णेच्या बंदरावर कुणीतरी "जाळीवाली आली गो" म्हणाली, तर शेजारच्या बाईनं मला होडीच्या जाळ्याचा भाव विचारला.

आता धुरांडंच का? पूर्वी कोकणातल्या घरात धूर कौलांच्या फटींतून जायचा. आता मुंबईकर गावी जांभ्या चिऱ्याचे बंगले बांधतात. मागच्या पडवीत अंघोळीच्या पाण्यासाठी चूल ठेवतात आणि तिच्यावर चिऱ्याचंच उंच धुरांडं चढवतात. मालक येतात गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. उरलेलं वर्षभर ते धुरांडं म्हणजे आयती ढोली. चिरा आतून खरखरीत, नखं रुततात. पाऊस फारसा येत नाही, कुत्रा पोचत नाही आणि माणूस विरारला. मी कांडेचोर, म्हणजे उदमांजर, असते तर तिथेच राहिले असते. वाडीतली जुनी ढोलीची झाडं तोडून त्याच जागेवर बंगला बांधायचा आणि मग "जनावर घरात शिरलं हो" म्हणून बोंब मारायची! जनावर घरात शिरलेलं नाही. घर जनावरात शिरलंय. हे वाक्य मी वाटते त्या पत्रकात छापलं होतं, आणि ते आजही मागे घेत नाही.

जाळी बसवायला अर्धा तास पुरतो. अर्ध्या इंचाची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी, तिच्यावर पत्र्याची टोपी, दोन्हींत वीतभर मोकळी जागा. डासांची प्लॅस्टिकची जाळी लावू नका, वितळते. दर वर्षी काजळी घासून काढा, नाहीतर जाळी बुजते आणि धूर घरात कोंडतो. झालं. पण आत कुणी राहत नाही ना, एवढं बघायला तीन दिवस लागतात. वरच्या तोंडात वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवायचा आणि खाली चुलीत तांदळाचं पीठ पसरायचं. तीन दिवस बोळा हलला नाही, पिठात पाऊल उमटलं नाही, तरच जाळी. सगळ्यांना माझा अर्धा तास हवा असतो. तीन दिवस कुणालाच नको असतात.

तर ती गंमत. हर्णेजवळ एक बंद घर होतं. त्या घराचे धाकटे चिरंजीव, म्हणजे शेजारीच राहणारे साठीचे गृहस्थ, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही हसाल. पण तिन्हीसांजेला आमच्या बंद स्वयंपाकघरातून आंबेमोहोर भात शिजल्याचा वास येतो."

"मग?"

"आमच्या तात्यांना आंबेमोहोरच लागायचा. शेवटच्या आजारपणात पथ्यामुळे दिला नाही आम्ही."

मी हसले नाही. चुलीजवळ केळीच्या पानावर वाढलेला भात, वर तूप, शेजारी पिकलं केळं. रोज ठेवायचे, आणि रोज सकाळी पान चाटूनपुसून साफ. मी टॉर्च लावून धुरांड्यात पाहिलं. वरच्या कपारीत एक गलेलठ्ठ कांडेचोर हातपाय सोडून झोपला होता. मांजरापेक्षा लांब, काळपट अंगाचा, तोंडावर चोरासारखा मुखवटा. हा आपली जागा आपल्या वासानं आखून घेतो, आणि तो वास हुबेहूब सुवासिक तांदळाचा. मी गृहस्थांना वर बघायला बोलावलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "वजन मात्र तात्यांसारखंच आहे हो." महिनाभर त्यांनी जाळी बसवू दिली नाही.

गंमत संपली.

एकविसाव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं. एका पानाचं, पिवळ्या कागदावर, 'धुरांडं बंद करण्यापूर्वी'. एसटी स्टँडवर वाटलं, शाळांत वाटलं, बाजारात मिरची घेणाऱ्या माणसाच्या पिशवीत न विचारता कोंबलं. त्यातली तिसरी सूचना अशी होती: 'आत मादी व पिल्ले आढळल्यास ओल्या पाल्याचा सौम्य धूर करावा. मादी पिल्लांना उचलून सुरक्षित जागी नेते. धूर मध्येच थांबवू नये.' हे मी कुठून घेतलं? नेटवरून. कुठल्याशा थंड देशातल्या, मी जन्मात न पाहिलेल्या जनावराबद्दल कुणीतरी लिहिलेलं. आठ वर्षं मी ते वाटत होते. त्या आठ वर्षांत पिल्लांशी एकदाही गाठ पडली नाही. रिकामी धुरांडी, एकटे नर, साळुंक्यांची सोडून दिलेली घरटी. त्यामुळे तिसरी सूचना खरी की खोटी, हे मला कळायचं कारणच नव्हतं. आणि तरी मी ती ठणकावून सांगायचे.

केळशीजवळच्या एका वाडीतून बोलावणं आलं ते श्रावण सरता सरता. बंगल्याचे मालक विरारला. फोनवर तावातावानं बोलत होते. "गणपतीला पंचवीस माणसं येतायत. चूल पेटली पाहिजे. धुरांड्यात जनावर आहे म्हणे. आठ दिवसांत काढ, नाहीतर मी फासकी लावायला सांगतो."

फासकी म्हणजे तारेचा फास. त्यात सापडलेलं जनावर कसं मरतं ते मी पाहिलंय. माझं डोकंच फिरलं. "फासकी लावलीत तर वनखात्यात तक्रार करीन. तुरुंगात जाल."

"जाईन! पण पंचवीस माणसांनी थंड पाण्यानं अंघोळ करायची काय?"

मी फोन आपटला. मनात त्या माणसाचा निकाल लावून टाकला. हा प्राण्यांचा शत्रू.

बंगल्याची किल्ली वाडीतल्या एका मावशींकडे होती. पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. बंद घरात पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चूल पेटवायची, म्हणजे भिंती सुकतात आणि वाशांना वाळवी लागत नाही, हे त्यांचं काम. पण मी आत गेले तर पडवीच्या भिंतीवर हिरवी बुरशी, आणि चूल कोरडी ठणठणीत. राखेला महिनाभर हात लागलेला नव्हता.

"मावशी, चूल नाही पेटवलीत?"

"नाय."

"मालक काही बोलले नाहीत?"

"बोलले तर. फोनावर भिंत दाकवली तेवा लय बोलले. बोलूंदे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बाळंतीन हाय वर."

"कोण?"

"कांडेचोरीन. पोटुशी येऊन बसली, नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिशी झाली. तीन पोरं. आत्ता कुटं डोळं उघाडल्यानी."

मी टॉर्च मारली. कपारीत काळी आई आणि तिच्या पोटाशी तीन राखाडी गोळे. मला वाटलं, या बाई प्राणिमित्र दिसतात. तसं म्हणालेही. मावशी भडकल्या.

"मितर कसली? गेल्या साली माझ्या दोन कोंबड्या खाल्ल्यान तिनं. पुना आली कोंबडीला तर दांडा घालीन टकुऱ्यात. पन बाळंतिनीला घरातनं उठवायची नसते. म्हयनाभर थांब. पोरं चालाय लागली की ती आपली आपन जाते."

"महिनाभर कसं थांबणार? गणपती नऊ दिवसांवर आलेत."

मी पत्रक काढून दिलं. मावशींनी ते ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. तिसऱ्या सूचनेवर बोट थांबलं.

"ह्ये कुनी लिवलंय?"

"मी."

"तुला पोरंबाळं हायत?"

"नाही."

"दिसतंयच."

मग मी शेवटचं शस्त्र काढलं. म्हटलं, मालक फासकी लावणार आहेत. धूर केला तर चौघं जगतील, नाहीतर आईसकट सगळी मरतील. तुम्ही ठरवा. असं मी म्हणाले. म्हणजे ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि हात झटकले.

मावशी पडवीच्या खांबाला टेकल्या. वर धुरांड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. उजेडात करू काय ते." आणि मी निघता निघता, "काडी मी लावनार. चूल माझ्या ताब्यात दिलीय. दुसऱ्या कुनाचा हात नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी शिडी लावून छपराच्या कडेला बसले. खाली मावशींनी ओली सोडणं रचली. सोडण म्हणजे नारळाची साल. तिचा धूर किती दाट होतो हे कोकणातल्या कुणालाही विचारा. मी पत्रकात 'सौम्य धूर' लिहिलं होतं. ओल्या सोडणांना सौम्य ठाऊक नसतं.

धूर धुरांड्याच्या तोंडापर्यंत आला आणि पाठोपाठ आई आली. तोंडात एक पिल्लू मानेला धरलेलं. मी आनंदानं ओरडले, "आणलं! एक आणलं!" दिवसाच्या उजेडानं ती दिपली. कौलांवर दोन पावलं आली, एवढ्यात कावळ्यांनी तिला घेरलं. पिल्लू कौलावरच सोडून तिनं फणसावर उडी मारली. मी सरपटत जाऊन पिल्लू उचललं आणि ओढणीत घेतलं.

खालून मावशींची हाक आली. "उतरली का समदी?"

"एक आलंय! दोन आहेत अजून!"

"मग इजवते."

"नको! विझवू नका! ती परत येईल, नेईल दोघांना!"

"इजवते गो बाय. मला आवाज येतोय त्येंचा."

"नको म्हटलं ना! मध्येच थांबवायचं नसतं!"

हे मी म्हणाले. छपरावर बसून, मोठ्यानं, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. पत्रकातलं वाक्य, शब्दाला शब्द. आई फणसाच्या फांदीवर बसून धुराकडे बघत होती. ती येणार कशी? धूर तिच्या आणि पोरांच्या मधे होता, आणि तो मीच करायला लावला होता. एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही, कारण ती कागदावर लिहिलेली नव्हती.

शेवटी मावशींनी माझं ऐकलं नाही. कळशीभर पाणी चुलीत ओतलं. तशी वाफ वर चढली. मग आतला आवाज थांबला.

मी खाली आले तेव्हा मावशी चुलीत वाकून हात वर घालत होत्या. दोन्ही पिल्लं त्यांनीच काढली. पदरानं त्यांच्या अंगावरची काजळी पुसली. मी म्हटलं, "मावशी, मी करते." त्यांनी दोघांना पदरात घेतलं. मागे पोफळीच्या मुळाशी खड्डा केला, दोघांना ठेवलं, माती लोटली. मला पाणीसुद्धा विचारलं नाही. कोकणातल्या घरात एवढं पुरे होतं.

उरलेलं पिल्लू मी टोपलीत घालून फणसाला बांधलं. तिन्हीसांजेला आई आली, मानेला धरून घेऊन गेली. त्याआधी मी टोपलीतल्या पिल्लाचा फोटो काढला होता. घरी येऊन आमच्या प्राणिमित्र गटाच्या फेसबुक-पानावर टाकला. खाली लिहिलं, 'केळशीत कांडेचोराच्या पिल्लाची आईशी पुनर्भेट. मोहीम यशस्वी.' माणसं हेलावली, कौतुक केलं. एका शाळेनं भाषणाला बोलावलं. मी गेलेही.

जाळी मी त्याच आठवड्यात बसवली. चांगली बसली. मोजमापात मी चुकत नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी प्रसादाला बोलावलं. जायचं नव्हतं, तरी गेले. पडवीत चुलीवर पाणी उकळत होतं, पोरंटोरं अंघोळीला रांगेत. मालक सत्तरीचे, बनियनवर, हातात मोदकांचं ताट. फोनवरचा माणूस तो हाच का, असं वाटावं इतके मवाळ.

"छान केलंस काम. कुठं गेलं जनावर?"

मी खोचकपणे म्हटलं, "तुमच्या फासकीत नाही गेलं."

"अगं, ते रागाच्या भरात बोललो. इथं फासकी लावायला येते कुणाला?" मग म्हणाले, "एकटंच होतं ना?"

"तीन पिल्लं होती."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "पिल्लं? मला नाही सांगितलंस."

"सांगून काय केलं असतंत?"

"काय म्हणजे? अंगणात तीन दगड मांडले असते. पाणी काय, कुठेही तापतं. लहानपणी तसंच तापायचं." ते धुरांड्याकडे बघत राहिले. "मला नुसतं जनावर आहे एवढंच कळलं होतं. तू सांगायचं होतंस गो."

तीन दगड. एका फोनचं काम होतं. मी तो केला नाही, कारण ज्याला मी शत्रू ठरवलं त्याला काही विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याच्यावर ओरडायचं असतं, त्याला कायदा दाखवायचा असतो, एवढंच मला येत होतं. माझा राग खरा होता. फासकीवरचा राग आजही खरा आहे. पण त्या रागाच्या भरात मी माणसाला एक साधा प्रश्न विचारायची विसरले, आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच कुणीतरी दिली.

निघताना मावशी फाटकाशी भेटल्या. हातात फोन होता. भाचीनं त्यांना आमच्या गटाचं पान दाखवलं होतं. फोटोतल्या पिल्लावर त्यांनी अंगठा ठेवला.

"ह्येच ना ते?"

"हो."

"यात एकच हाय. दोगं कुटं हायत?"

मी फाटक उघडून बाहेर पडले. 

पत्रक मी बदललं. तिसरी सूचना काढली. आता तिथं आहे: 'पिल्ले असल्यास थांबा. चूल बाहेर मांडा. मालकाशी बोला.' नवं पत्रक छापलं, वाटलं. पण जुन्याचे फोटो लोकांच्या फोनवरून फिरत होते, ते कसे पुसणार? गेल्या पावसाळ्यात अलोऱ्याच्या बाजूचा एक अनोळखी माणूस फोनवर अगदी आदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचं पत्रक वाचून धूर केला. बारा-पंधरा मिनिटं सोडला, मधे थांबवला नाही. मोकळं झालं धुरांडं. आभार मानायला फोन केला."

मी विचारलं, "आत किती होते?"

"ते नाय माहीत. आवाज होता, तो थांबला."

त्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. ओरडले नाही एवढं आठवतं. ओरडायला तोंड कुठं होतं?

आता माझं काम बहुतेक थांबण्याचंच आहे. महिना, दीड महिना. मालकांना फोन करते, पिल्लं किती ते सांगते, अंगणात चूल मांडायला विनवते. बरेच जण ऐकतात. आधीही ऐकलं असतं, हे कळल्यापासून जास्त त्रास होतो. काही अजून ऐकत नाहीत, त्यांच्याशी मी अजूनही भांडते.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी मावशींकडे गेले. दोन वर्षांनी. त्या अंगणात सुकी सोडणं फोडत होत्या. मी सांगितलं, मावशी, त्या दिवसाचं लिहितेय, दिवाळी अंकात. सगळं खरं लिहितेय. चूक माझी होती, तुमची नव्हती. तुमच्या हातून काही झालं नाही, असं लिहिणार आहे.

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"लिव. माजं नाव घालू नको."

"नाही घालणार."

"आन् माज्या हातनं काय झालं नाय असं लिवू नको. काडी मी लावली. मला ठाव होतं, तरी लावली." मग कोयता पुन्हा उचलत म्हणाल्या, "तुजं तू लिव. माजं माज्याकडे ठेव."

तर तसंच लिहिते. काडी त्यांनी लावली. विझवू नका, असं मी म्हणाले. आत दोघं होती.